मालगाडी, तीन रविवार

भाग एकोणीस. टिळकवाडी, दुसरं गेट.
गेट पडलंय.
अलीकडे भैरू, सायकलच्या कॅरियरला
शिलाई मशिनचं डोकं सुतळीनं करकचून बांधलेलं.
पलीकडे नर्मदा, पिशवीत काज-बटणाचे बारा ब्लाउज.
मधनं मालगाडी.

ही मालगाडी मी तीन रविवार चालवतेय.

पहिल्या रविवारी इंजिन गेलं आणि अकरा डबे.
दुसऱ्या रविवारी दोन डब्यांच्या फटीतनं
तिला नुसती त्याची चप्पल दिसली,
अंगठा नवा शिवलेला.
कुणी शिवला, यावर मी आठवडा काढला.
तिसऱ्या रविवारी गाडी थांबलीच.
सिग्नल नव्हता. मी दिलाच नाही.

संपादक फोनवर: बाई, आपल्याच पुरवणीत
वधू-वरांचं पान आहे, तिथं चार ओळींत उरकतं.
तुम्हाला एक हात धरायला पाच महिने?
हात धरल्यावर उरलेल्या आठशे शब्दांत
काय लिहू म्हणता, कांद्याचे दर?

पण चालढकल वेगळी, हे वेगळं.
ते मला भैरूनंच सातव्या भागात शिकवलं,
तिच्या मशिनवर वाकून, तिच्याकडे न बघता:
टाका सुटतोय म्हणून धागा आवळत बसू नये.
स्क्रू पाव आटा फिरवायचा, चिंधीवर शिवून बघायचं,
मग पुन्हा पाव.
एकदम आवळला की तुटतो,
आणि तुटल्याचा आवाजसुद्धा येत नाही,
सुई आपली रिकामीच चालत राहते.

पत्रं येतात.
निपाणीच्या वखारीतनं आठ बायकांच्या सह्यांचं,
कागदाला तंबाखूचा वास:
गाडी हलवा, नाहीतर आम्ही येऊन ढकलतो.
खानापूरचा एक मुलगा विचारतो, डबे एकूण किती?
आणि हुक्केरीहून एक पोस्टकार्ड,
कानडी वळणाची गोलगरगरीत देवनागरी:
इराप्पा कमते, निवृत्त पोस्टमास्तर, वय एक्क्याऐंशी.
मंगळवारी नि शुक्रवारी डायलिसिसला जातो.
हिशेब केला, गेट उघडलेलं माझ्याच्यानं
बघून होईल असं वाटत नाही.
घाई नाही. फक्त कळवलं.

फक्त कळवलं.

गुरुवारी एस.टी. धरली.
प्लास्टिकच्या पिशवीत विसावा भाग, एकविसावा,
आणि शेवटचाही, जो संपादकांनाही दाखवला नव्हता.
सुनेनं चहा दिला, कानडीत काही विचारलं,
मी अर्धं समजून पूर्ण मान हलवली.
उशाशी माझेच एकोणीस रविवार,
कडा सारख्या कापून
पोस्टाच्या दोऱ्यानं टाचलेले.

मी कागद काढले. वाचायला लागले.
शेवटचा डबा आला, एवढ्यात
त्यांनी पट्टी बांधलेला हात उचलला.
निधान, तंगी. निधान.

त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, सावकाश.
माझ्या भाषेत, पुरून ठेवलेलं धन.
दोघांच्या मधल्या खाटेवर तो शब्द
बराच वेळ तसाच पडून राहिला.
मग ते म्हणाले,
आज गुरुवार की हो.
रविवारी वाचतो.

परतताना पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले,
जणू आत काही उतू जाणारं होतं.
रात्री विसावा भाग पुन्हा लिहायला घेतला.
गाडी मात्र आता अडवली नाही.
शेवटच्या डब्यात गार्ड, डबा उघडून भाकरी खाणारा,
त्याला तसाच जेवू दिला.
गेटमननं चाकाला हात घातला.
भैरूनं एक पाय पायडलवर ठेवला.
नर्मदेनं पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.
पाव आटा.

आज रविवार.
पेपरचा गठ्ठा हुक्केरीला पावणेनऊच्या गाडीनं उतरतो.
मी सहापासून उठून बसलेय,
चहा दोनदा गार झाला.

पावणेनऊ.
गेट फूटभर उचललंय.