टिचकी

ऑक्टाव्हने भेंडीची देठं बाजूला सारली,
लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आजी, ऐक.

दिव्यावर टिचकी.
"साधाच दिवा. काच तडकलेली."

हा माझा आवाज.
एकोणचाळिशीतली मी, दिवसाला एक पाकीट ओढणारी,
गळ्यात खडीही आणि खडीसाखरही.
आता गळ्याला भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल.
मी पाटीवर लिहिते: परत.

त्या वर्षी मार्चभर
मॅगझिन स्ट्रीटवर, नदीकडच्या अंगाला,
भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या खोलीत
चार हजार ओळी वाचल्या मी.
चित्र एकही पाहिलं नव्हतं.
कागदावर एवढंच: खिडकी, पाहा. खिडकी, उघडा. खिडकी, बोला.
खिडकीशी कोण बोलतं? मी विचारलं.
लोक काहीही करतात, मिस युलाली,
काचेपलीकडून फर्डी म्हणाला,
आपण प्रत्येकाला उत्तर द्यायचं.

लिहिणारे ओरेगनचे.
आमचं शहर त्यांनी विमानतळावरच्या माहितीपत्रकातून उचललेलं,
पानोपानी बाहुल्या, सुया, कोंबडीचे पाय.
शार्त्र स्ट्रीट, असा उच्चार लिहून दिलेला.
चार्टर्स, मी म्हटलं.
सात वेळा त्यांनी थांबवलं.
सात वेळा मी चार्टर्स म्हटलं.
आज पोरगा रस्त्याच्या पाटीवर टिचकी मारतो
आणि ऐकू येतं: चार्टर्स.
म्हणजे जिंकले होते मी. कुणी कळवलंच नाही.

तीन संध्याकाळी आम्ही त्या घरात अडकलो.
बुडालेल्या नावाड्याचं भूत जिन्यावर ओली पावलं सोडतं,
तपासनीस प्रत्येक कपाट उचकतो,
आणि प्रत्येक कपाटातून मी बोलते.
किल्ली कुठे असेल गं? ऑक्टाव्ह मला विचारतो.
मी लिहिते: मला काय ठाऊक. मी नुसती बोलले.

पण एका ओळीची वाट पाहत होते.
दोन हजार तीनशे सोळा.
तिच्यापुढे वस्तूचं नावच नव्हतं, कॉफीचा डाग होता.
"आता नाही तो इथे."
बारा वेळा वाचून घेतली फर्डीने.
दुःख कमी करा, म्हणायचा.
त्याच आठवड्यात आर्मां गेला होता.
मेला नव्हता, टँपाला गेला होता,
इस्त्रीसुद्धा घेऊन.
बाराव्या वेळी मी इतकी कोरडी वाचली
की फर्डीने काचेपलीकडे चष्मा काढला.
तीस वर्षं वाटत आलं,
कुठल्यातरी विधवेच्या खोलीत असेल ती ओळ,
रिकाम्या पलंगावर, एखाद्या कोटाच्या खुंटीवर.

चौथ्या दिवशी भूत सुटलं. घर उजळलं.
ऑक्टाव्ह उगाच इकडेतिकडे टिचक्या मारत होता.
पहिल्या दृश्यापासून खिडकीच्या कठड्यावर
एक पिवळा बोका झोपलेला असायचा,
शेपटीचे चारच ठिपके हलायचे.
कठडा रिकामा होता.
टिचकी.
"आता नाही तो इथे."

बोका!
बारा वेळा, सगळा मार्च, आर्मां, इस्त्री,
आणि सगळं एका बोक्यापायी.
मी इतकी हसले की रुमाल उडाला.
माझ्या हसण्याला आता आवाज नाही,
नुसती भोकातून वाफ, केटलीसारखी.
ऑक्टाव्ह घाबरून पाणी आणायला धावला.

तो घरी गेल्यावर भेंडी तशीच काळी पडत राहिली.
मी चष्मा लावून टेबलाशी बसले.
खिडकी. बोला.

"खिडकीशी बोलून काय मिळणार तुला?"
म्हणते ती, जराशी वैतागून,
आणि वाक्य संपता संपता
मागे, अगदी बारीक,
फेरीबोटीचा भोंगा.
गाद्यांना न अडलेला.
फर्डीने पुसायचा राहिलेला, किंवा न पुसलेला.
कुठल्यातरी मंगळवारचा.

मी परत टिचकी मारते.