मगरीसारखा दोडका

रविवारी कपिलतीर्थ मंडईत
राजनंदिनीच्या हातात पिशवी दिली, पन्नासची नोट दिली.
"तुला आवडंल ते घे. फक्त हिरवं पाहिजे."
तिनं दोडका उचलला,
शिरांवरनं बोट फिरवत,
मगरीसारखा आहे म्हणून.

दोडका.
चाळीस वर्षं ताटाच्या कडेला सारत आलोय.
आधी आई रागवायची, मग बायको,
मग दोघीही गप्प झाल्या.

घरी शिरा तिनंच काढल्या,
शेंगदाण्याचं कूट हात सैल सोडून,
आणि कांदा-लसूण चटणी चिमूटभर.
तिची चिमूट म्हणजे आमची मूठ.

एरवी मीच सांगत असतो,
खा गं, अंगात रग येती, शाळेत पळायला बरं.
आज ती काही बोलली नाही.
माझा हात ताटात कुठं जातोय
तेवढंच बघत बसली.

एक घास.
पाणी न पिता गिळला.
दुसरा.

"आवडलं, पप्पा?"
खोटं बोलायचं नाही असं ठरलंय आमच्यात.
"अजून नाही," म्हटलं,
"पण वाढ थोडं."

ती विचारात पडली.
भाकरीखाली दोन फोडी लपवल्या होत्या तिनं,
त्यातली एक
बाहेर काढली.