सिमरोल घाट, दुसरा गिअर

"चोक इतना मत खींचो भिया,
दम घुट रिया है इसका,"
इद्रीस मिस्त्री म्हणाला.
तो गाडीबद्दल बोलत होता.

चौथ्या किकला येझदी खोकली, मग लागली.
भंवरकुवा, खंडवा रोड,
तेजाजीनगरनंतर शहर सुटतं
आणि फाइल सुटते:
कुमुदचे रिपोर्ट, क्रिएटिनिन,
सोमवार-गुरुवारची ती रेक्झिनची खुर्ची,
मेहुणीचा फोन, "धीर धरा."
धरलाय की. क्लचसारखा.
बोटं वळून येतात.

घाटात मात्र दुःखाला रीतसर जागा नाही.
वळण. सांडलेली खडी. केळ्यांचा ट्रक अंगावर.
डिपर दे, सेकंड टाक, रेघ सोडू नकोस.
एवढ्या गडबडीत माणूस रडणार कधी?

तो चोरलला रडतो, टपरीमागे,
हेल्मेट न काढता.
काच आतून धुरकटते.
टपरीवाला काही विचारत नाही,
पोह्यांवर शेव तेवढी जास्त टाकतो.

मागचे फुटरेस्ट उघडेच ठेवलेत.
एकदा मिटायला पाय गेला होता,
गेला तसा परत घेतला.

घरी पोचतो तेव्हा ती गॅलरीत.
सकाळी तिनंच हाकललं होतं,
"जा, तुझं तोंड बघवत नाही."
आता विचारते, "किती जाळलंस?"
"अडीचशेचं."
"स्वस्तात बरा होतोस."

मग कठडा धरत जिना उतरते,
फिस्टुलाचा हात जरा लांब ठेवून
तापल्या इंजिनावर तळवे धरते.
तिला हल्ली सारखी थंडी वाजते.