पुढचं डावं चाक

ऐरोलीहून सबनीस बाई आल्या,
बँकेतून नुकत्याच निवृत्त.
"ब्रेक दाबला की गाडी ओढते," म्हणाल्या,
"आणि किरकिरते. पण रोज नाही."
रोज नाही, हे मला आवडतं.
रोज किरकिरणाऱ्या गाडीत शोधायचं काय?

घणसोलीत गॅरेज माझं,
साडेबारा टक्क्यांतल्या तुकड्यावर.
इथून खाडीपर्यंत भात होतं.
बाबा गाडीला गारी म्हणायचे,
त्यांच्याकडं एकही नव्हती.

मी लगेच काही उघडत नाही.
बाईंना शेजारी बसवून
रबाळे नाक्यापर्यंत जाऊन आलो,
मग उतरून प्रत्येक चाकापाशी तळहात नेला.
लावायचा नाही, नुसता न्यायचा,
भाकर टाकण्याआधी आई तव्यावर धरायची तसा.
उजवं कोमट.
डाव्याच्या डिस्कवर बाटलीतला थेंब सोडला:
चुर्र.

जॅक. तीन नट सुटले,
चौथा शिव्या खाऊन.
आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला,
डिस्कवर गोल गोल चरे.
बाहेरचा बघावा तर भरलेला,
फक्त एका टोकाला जरासा उतरता,
पाचरीसारखा.

बाई वाकून बघत होत्या.
"म्हणजे एक राबला, दुसरा बसून राहिला.
आमच्या शाखेत हेच होतं हो."

थांबा जरा.
क्लॅम्प लावून पिस्टन दाबला,
गेला आत, तक्रार न करता.
त्याचा दोष नाही.
वरची पिन बोटानं सरकली.
खालची
नाही. पान्यानंही नाही.
रबरी बूट फाटलेलं, आत पाणी गेलेलं,
खाडीवरचं खारं वारं गेलेलं.
ठोकून काढली तेव्हा शेंदरी भुगा
माझ्या पायावर सांडला.

"बसून नव्हता राहिला," मी म्हटलं,
"ही पिन सरकली तर कॅलिपर सरकणार,
तर तो डिस्कला टेकणार.
त्याला पोचूच दिलं नाही हिनं."

मागच्या वर्षी पॅड बदललेत, कुठंतरी दुसरीकडं.
नवे घातले, पिनला हात लावला नाही.
नवेही तसेच गेले.
झिजलेलं बदलणं सोपं, बिलात दिसतं.

माझा उजवा गुडघाही आतल्या अंगानं गेलाय.
वाशीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली:
बाहेर फट आहे, आत नाही.
"पिन जाम असेल का?" मी विचारलं.
ते हसले नाहीत.
"कामाला बसता कसे?" म्हणाले.
मला सांगता येईना.
हाताखालचा जयदास म्हणाला,
चाक कुठलंही असो, शेठ, टेकता तुम्ही उजवाच.
एकतीस वर्षं.

पिन पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस लावलं,
नवं बूट, नवे पॅड, दोन्हीकडं.
पिन आत सोडली तेव्हा
स्वतःहून थोडी बाहेर आली,
कोंडलेल्या हवेनं ढकललेली.
हे मला दर वेळी बघावंसं वाटतं.

पुन्हा रबाळे, पुन्हा परत.
या वेळी बाईंनीच तळहात नेला,
आधी डावीकडं, मग उजवीकडं, पुन्हा डावीकडं.
"उजवं जरा जास्त वाटतंय."
"उन्हाची बाजू आहे ती," मी म्हटलं
आणि बॉनेटला धरून
उठलो.