अडीचकी ते औटकी

दर दुसऱ्या मंगळवारी, हडर्सफील्डला,
मिसेस हार्डकासल तुझं बोट धरते
आणि एक थेंब मागून घेते.
थेंब पट्टीवर. यंत्र विचार करतं.
आपण फ्लूच्या लशीचं पोस्टर वाचतो, पुन्हा.

दोन पूर्णांक सात.
पिवळ्या वहीत आकडा पडतो, खाली वॉर्फरिनचा हिशेब:
निळी एक, तपकिरी दोन,
रविवारी तपकिरी एकच.

शाळेत अडीचकी आली नाही, औटकी तर नाहीच,
म्हणून तू छड्या खाल्ल्यास, भालचंद्र.
आता त्या दोघींच्या मधेच राहायचं.
अडीचच्या खाली, तर झडपेवर रक्त साकळेल;
साडेतीनच्या वर, तर दाढीचा ओरखडाही
थांबायचं विसरेल.

मी म्हणते, रक्त पातळ करायची गोळी.
ती मान हलवते. पातळ नाही, दाट तेवढंच असतं,
फक्त गोठायला वेळ लावतं.
यकृत के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं,
गोळी ते परत वापरू देत नाही.
म्हणजे बरण्या धुऊन ठेवणाऱ्या बाईचा
कुणी साबणच लपवावा, तसं.

मार्चमध्ये एक पूर्णांक सहा आला.
काही हिरवं खाल्लंत का?
तू माझ्याकडे पाहिलंस,
कस्टमवाल्याने लोणच्याची बरणी उघडली तेव्हा पाहिलं होतंस तसं.
खिडकीतल्या कुंड्यांमधली मेथी. सलग पाच दिवस.
मग आठवडाभर पोटात सुया.

मेथी सोडू नका, ती म्हणाली,
पण किती ते ठरवा, आणि मोडू नका.
एक्केचाळीस वर्षं मी अंदाजाने रांधलं.
आता ओट्यावर एक वाटी आहे, निळ्या काठाची,
बुधवारी आणि शनिवारी, शिगोशीग नाही, सपाट.
तू म्हणतोस, अजून थोडी वाढ.
मी ऐकू न आल्यासारखं करते.

या घरात दही लागत नाही.
बॉयलरच्या कपाटात टॉवेल गुंडाळून
पातेलं ठेवते, म्हणते, लाग बाई.
मग वर येऊन तुझ्या शेजारी आडवी होते.
दिवा मालवला की तुझी झडप ऐकू येते,
टक्, टक्, स्वस्तातल्या घड्याळासारखी,
आणि त्याच तोंडाने म्हणते,
इथे नको लागूस.

सकाळी दूध तसंच होतं.
चमचाभर विरजण घालून पुन्हा ठेवलं.