साठ अक्षरं

साठ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून.
त्यापुढे गेलं की शोधयंत्र ओळ कापतं
आणि तीन टिंबं ठेवून देतं,
ताटात उरलेल्या शितांसारखी.

माझा धंदा एवढाच:
काम, गाव, दुकानाचं नाव
एका निळ्या ओळीत बसवायचं,
खाली दीडशे अक्षरांचं करडं वर्णन,
आणि अ‍ॅबरिस्टविथच्या या वरच्या खोलीत
वाट बघायची, कुणाचं बोट टेकतंय.
कधी यंत्र माझं वर्णन बाजूला सारून
पानातलं भलतंच वाक्य उचलतं.
तेव्हा पैसे मागायची लाज वाटते. मागते.

आमच्याकडे गावांची नावं लांबच लांब.
लानविहांगेल-अ-क्रेयदिन:
तेवीस अक्षरं गावच खाऊन बसतं.
उरलेल्या सदतिसांत
मेयरिग प्रोबर्टचा चाळीस वर्षांचा धंदा,
धुराडी साफ करण्याचा.

तो आला, नखांत काजळी,
टेबलाला हात लागू नये म्हणून लांब उभा.
मी आधीच ओळ केली होती:
सर्वोत्तम धुराडे सफाई, मग गाव,
मग प्रोबर्ट आणि मुलगा.
इंग्रजीत मोजून एकोणसाठ. मी खूश.

'सर्वोत्तम काढ,' तो म्हणाला.
'या खोऱ्यात दोघंच आहोत,
दुसरा माझा मेहुणा.'

बरं. छपरावर कोण चढतं आता?
'लाउरी. माझा गुडघा गेल्यापासून.'
आणि मुलगा?
'तो पर्थला. अकरा वर्षं झाली.
लोकांचे पोहण्याचे तलाव निळे ठेवतो.'
मग गाडीवर अजून 'आणि मुलगा' कसं?
'सोनेरी रंग आहे तो. खरवडायला पैसे पडतात.'

माझ्या ओळीला पैसे पडत नाहीत.
इंग्रजीत मुलगा तीन अक्षरांत उरकतो,
मुलगीला आठ लागतात.
पाच जास्त. कुठून आणायची?
सर्वोत्तम खोडलं:
चार अक्षरं आणि त्यामागची एक मोकळी जागा.

पुन्हा मोजलं. एकोणसाठ.
मी तिसऱ्यांदाही मोजलं,
हिशेब जुळला की मला संशय येतो.

वर्णनासाठी मग लोकांनी काय काय टाइप केलं
त्याची यादी उघडली.
धुराडे सफाई माझ्या जवळ.
धुराडे सफाई किती पैसे.
धुराडे सफाई स्वतः कशी करावी
(हा मेहुणा असणार, मेयरिग म्हणाला).
आणि मध्येच, एकदाच, एप्रिलमधलं:
धुराड्यात काहीतरी फडफडतंय.

आमचं पान त्याला एकाहत्तराव्या जागी दिसलं होतं.
तिथवर कोण जातं.

लाउरीला फोन लावला. ती कुठल्याशा छपरावर होती,
वाऱ्यात अर्धे शब्द उडत होते.
करड्या मानेचे छोटे कावळे, ती म्हणाली,
काटक्या टाकत बसतात वरून, घरटं होईपर्यंत.
जाळ पेटवू नका म्हणावं.
पिल्लं उडू देत. मग आम्ही येतो.

मी तेवढंच लिहिलं.
माझी भर म्हणजे एक प्रश्नचिन्ह आणि फोन नंबर.
एकशे एक्केचाळीस.

मेयरिगनं चष्मा लावून दोन्ही वाचलं.
आधी गावाचं नाव, अक्षर अक्षर तपासून.
मग शेवटच्या शब्दावर थांबला.
'हे पर्थलाही दिसतं?'
शोधलं तर दिसतं.
टोपी हातात दोनदा फिरवली त्यानं,
टेबलावर थोडी काजळी सांडली,
ती बाहीनं पुसायला जाऊन आणखी पसरवली.
'असू दे,' म्हणाला.
मी काजळीचं समजले.

उद्या चाव्या करून देणारी बाई येणार आहे.
तिचं गाव बोर्थ. पाच अक्षरं फक्त.
एवढी जागा मला सवयीची नाही,
काय लिहायचं तिथे,
आत्तापासून सुचत नाहीये.