मातीले

घाटंजीच्या रस्त्यावर आज मोटारसायकलीच मोटारसायकली,
एकीवर तिघं तिघं, आन कोनी हॉर्न मारत नाई.
पारव्याचे पोट्टे, कुऱ्ह्याचे, पाटनबोरीचे,
पार किनवटाहून एक टेम्पो आला.
मांगच्या साली आमी त्यायले सतरा गुनानं हरवलं होतं,
जेवनही नीट वाढलं नोतं.
सारे चालले मातीले.

मी फक्की मारनारा मानूस.
तीस वर्सं झाले, शाळेमांगच्या मैदानात
दोरी धरून, वाकून चुना सोडतो.
मधली रेघ, बोनसची रेघ, लॉबी.
कोनाचा पाय कुठं पडला
हे मले पंचाच्या आधी मालूम पडते.
म्हनून सांगतो,
संदेश कोव्याचा पाय रेघेवर कधीच नाई पडला.
पार पडला, नाईतं अलीकडं.

टोळ म्हनत लोक त्याले.
साखळी आली का हा वरून.
त्या साली उपांत्य सामन्यात, दोन गुनानं मांगं,
तिसरी चढाई, आन जनरेटर बंद पडलं.
पूरं गाव अंधारात.
फक्त त्याचा दम ऐकू येत होता,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
दूर कुठं पिठाची चक्की चालू असल्यावानी.
लाइट आला
तं हा मधल्या रेघेच्या आपल्या बाजूनं कमरेवर हात ठेवून,
आन तिकडचे तीन गडी आपआपले हात वर करून उभे.
अंधारात कोन पायते?
पन कोनी लबाडी नाई केली.

मंग रेल्वेत लागला. बिलासपूर.
एकदा टीव्हीवर दिसला, बाकावर, खांद्यावर टॉवेल.
आमी मोजलं, अकरा सेकंद.
त्या अकरा सेकंदासाठी सरपंचानं पडदा आनला होता.

एकोनतीस वर्सं.
सकाळचा सराव झाला, पानी पेला,
'दोन मिनिटं बसतो' म्हने.
डॉक्टर म्हने काळीज मोठं झालं होतं.
चहाच्या टपरीवर कोनीतरी बोललं,
हे सांगाले डॉक्टर कायले पायजे.
कोनी हासलं नाई.
चहा तसाच थंडा झाला.

त्याच्या मायनं त्याचा एकही सामना पायला नाई.
घरात बसे, कानावर हात ठेवून,
लेकराचा दम तुटन म्हनून.
आज अॅम्ब्युलन्स आली तवाही
हात कानावरच.

आर्णीचा निरंजन ठवकर आला होता.
उजवा कोपरा. अकरा वर्सं टोळाच्या घोट्यामांगं लागेल मानूस.
कितीदा झडप घातली, कितीदा
हातात धुरळाच आला.
रांगेत उभा रायला, पाया पडाले वाकला,
आन घोटा
हातात आला.
पुरा. मुठीत.
हिसका नाई, झटका नाई.
निरंजननंच सोडला, इस्तू धरल्यावानी,
आन कडुनिंबाखाली जाऊन बसला,
दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून.

मंग माती.
एकेक गाव पुढं आलं.
किनवटवाल्यायनं आपल्या मैदानाची माती
बिस्किटाच्या पुड्यात बांधून आनली होती.
लाल होती. आमची काळी.
मी टाकली तवा माह्या बोटायले चुना होता,
मीच सकाळी टूर्नामेंटच्या रेघा मारत होतो,
फोन आला तवा डबा हातातच होता.
अर्धी रेघ अजून तशीच हाये तिथं.

सारे मांगं सरकले.
त्याच्या बहिनीची पोरगी, पाच वर्साची,
चप्पल हातात घेऊन खड्ड्याच्या काठापर्यंत आली.
खाली पायलं.
पाय पुढं टाकला
आन काठाच्या चार बोटं अलीकडूनच
पटकन मांगं घेतला.
रेघ नोती तिथं.
मी पायलं.